माशांचं औषध संपल्यावर टँकचं पाणी कसं सावरायचं

संक्रांतीच्या आगेमागे मला हमखास एक फोन येतो. इंदूरची थंडी रात्री आठ-नऊ अंशांपर्यंत उतरते, हीटर नसलेल्या टँकचं पाणी गारठतं, माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठतात आणि घरातलं कुणीतरी दुकानातून निळ्या-हिरव्या औषधाची बाटली घेऊन येतं. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी फोन. यंदाचा फोन सुदामानगरात आमच्याच गल्लीतल्या एका कॉलेजवाल्या पोराचा होता.

“काका, ठिपके गेले. औषध पण झालं. आता सगळं पाणी फेकतो आणि टँक घासूनच काढतो.”

“बादली खाली ठेव आधी.”

“पण पाणी अजून निळंशार आहे ना!”

“असू दे. इतके दिवस राहिले त्यात, अजून एक रात्र राहतील. मी संध्याकाळी येतो.”

मी एवढा ठामपणे बोललो, कारण ही चूक मी स्वतः करून बसलेलो आहे. माझ्या पहिल्या टँकमध्ये फंगस झालं होतं. मेथिलीन ब्लूनं ते बरं झालं, आणि त्या आनंदात मी रविवारी सगळं पाणी काढलं, खडी परातीत घेऊन तांदळासारखी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. टँक असा चकचकीत झाला की शेजारी बघायला आले. बुधवारी सकाळी दोन एंजल पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते, शुक्रवारपर्यंत टँक रिकामा. आजारानं एकही मासा गेला नव्हता. सगळे माझ्या स्वच्छतेनं गेले.

नेमकं काय झालं होतं, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ करायची गरज पडणार नाही. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. अमोनिया विषारी. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर आणि काचेवर राहणारे काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरंच निरुपद्रवी, आठवड्याच्या पाणीबदलात निघून जाणारं. हे जीवाणू दह्याच्या विरजणासारखे एका रात्रीत वाढत नाहीत. नव्या टँकमध्ये त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मेथिलीन ब्लू आणि एरिथ्रोमायसिनसारखी काही औषधं रोगाबरोबर या वस्तीलाही झोडपतात. जी थोडीफार वाचली होती, ती मी नळाच्या क्लोरीनखाली धरून संपवली. म्हणजे औषध संपलं तेव्हा मासे बरे झाले होते, आजारी पडला होता तो फिल्टर.

तर आता कामाला लागू.

आधी दोन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न, उपचार खरंच पूर्ण झालेत का? पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या अंगावर असताना कातडीखाली सुरक्षित असतो. तो गळून खाली पडतो, खडीत गाठोडं करून बसतो, त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडून नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवर. त्यामुळे शेवटचा ठिपका दिसेनासा झाला, तरी निदान तीन-चार दिवस औषध चालू राहायला हवं. पाणी २६-२७ अंश असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, गार पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. हीटर न लावता औषध दिलं असेल, तर घाईनं पाणी बदलू नका, आठवड्यात ठिपके परत येतील. बाटलीवर दिलेले दिवस पुरे करा.

दुसरा प्रश्न, औषधात होतं काय? दुकानदारानं बिननावाच्या बाटलीत ओतून दिलं असेल, तर फोन करून विचारा. प्रत्येक औषध पाण्यातून वेगळ्या वाटेनं निघतं आणि पुढची सगळी आखणी त्यावर अवलंबून आहे. उत्तर वहीत लिहून ठेवा, तारीख आणि मात्रेसकट. टँकची वही ठेवणं हे मला आधी वाण्याच्या खात्यासारखं वाटायचं, पण दुसऱ्यांदा आजार आला तेव्हा तीच कामी आली.

मग पाणी तपासा

निदान अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा), या तीन गोष्टी कळायलाच हव्यात. थेंबांची टेस्ट किट घ्या. बुडवायच्या पट्ट्या चालतात, पण बऱ्याच पट्ट्यांमध्ये अमोनियाचा चौकोनच नसतो, आणि आपल्याला तोच हवा असतो. पाणी रंगीत असेल तर किटचा रंग फसवतो. अशा वेळी एका नळीत औषध घातलेलं टँकचं पाणी काही न मिसळता शेजारी धरा आणि दोन्हींतला फरक बघा. फॉर्मेलिन असलेल्या औषधानंतर काही किट अमोनियाचा खोटाच आकडा दाखवतात, म्हणून अशा टँकमध्ये पहिल्या पाणीबदलानंतरचा आकडा जास्त भरवशाचा.

पीएच का बघायचं? पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच रूप जास्त घातक. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम ०.६ टक्के भाग त्या घातक रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. किटवर रंग तोच, विष मात्र नऊपट. आपल्याकडच्या बोरिंगच्या पाण्याचा पीएच सहसा सातच्या वरच असतो, त्यामुळे “अर्धाच पीपीएम आहे”, म्हणजे लिटरमागे अर्धाच मिलिग्रॅम, म्हणून इंदूरकरानं निश्चिंत होऊ नये.

त्या पोराच्या टँकचे आकडे असे आले: पीएच ८, अमोनिया ०.५, नायट्राइट शून्य. दोन बाय एक बाय एक फुटी टँक. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे कागदावर ५६ लिटर. खडी आणि वरची रिकामी पट्टी वजा केली की खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास. औषधाची मात्रा त्यानं ५६ धरून दिली होती. हे बहुतेकांचं होतं, त्यामुळे पुढच्या वेळी पट्टीनं मोजून खरे लिटर वहीत लिहून ठेवा.

घालायचं पाणी आदल्या दिवशी तयार ठेवा

इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी विंध्याची चढण चढवून ते इथपर्यंत येतं, आणि कित्येक वसाहतींत अजून एक दिवसाआड नळ असतो. फिशटँकवाल्यांना ही अडचण उलट सोयीची. आपल्याकडे पाणी साठवायची सवय घराघरात आहे. टबात किंवा झाकण नसलेल्या बादल्यांत चोवीस तास, शक्य तर एअर स्टोन सोडून ठेवलं, की क्लोरीन बरंचसं उडून जातं. झाकणबंद टंकीतलं पाणी दोन दिवसांचं असलं तरी मी त्यावर विश्वास ठेवत नाही. अँटी-क्लोरीनचे थेंब किंवा खडे कायम जवळ ठेवा. सोडियम थायोसल्फेटच ते, जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचं हायपो. नेहमीच्या दिवसांत एखादा मग थेट नळाचं पाणी घातलं तर सशक्त फिल्टर सोसून घेतो. आता तो अंथरुणात आहे.

नर्मदा की बोरिंग? टँक ज्या पाण्यावर चालत आला, तेच घाला. आपल्या माळव्यातल्या काळ्या खडकातून आलेलं बोरिंगचं पाणी जड असतं, शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणतात तसं. नर्मदेच्या पाण्यावर वाढलेल्या टँकमध्ये, नळ आला नाही म्हणून एकदम पंधरा लिटर बोरिंग ओतलं, तर औषधानं थकलेल्या माशाला तो दुसरा धक्का. दुसरं काही हाताशी नसेल तर थोडं थोडं मिसळत जा. आणि बोरिंगचं ताजं पाणी लगेच तपासू नका. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की रात्रभरात पीएच वर चढतो, खरा आकडा सकाळचा.

तापमान हा थंडीतला सगळ्यात मोठा सापळा. जानेवारीत गच्चीवरच्या टंकीचं पाणी पहाटे बर्फासारखं असतं आणि दुपारी तेच कोमट. टँक २६ अंशांवर असेल तर बादलीतलं पाणी त्याच्या एक-दोन अंश इकडेतिकडे हवं. पातेल्यात पाणी गरम करून बादलीत मिसळा, हाताच्या अंदाजावर न जाता थर्मामीटर बुडवा. थंडीमुळे उठलेले ठिपके घालवून पुन्हा गार पाणी ओतायचं म्हणजे पहिला अध्याय परत सुरू करायचा.

पाणी काढणं आणि घालणं

पहिल्या दिवशी तीस टक्के. आमच्या ४५ लिटरमधून साडेतेरा, म्हणजे एक मोठी बादली थोडी कमी. सायफनची नळी लावण्याआधी हीटरचा प्लग काढा. पाणी खाली गेल्यावर तापलेली काच उघडी पडली की तडकते. नळीत तोंडानं ओढ घेऊ नका, औषधी पाणी आहे. नळी पाण्यानं भरून, अंगठ्यानं टोक दाबून सोडा. गाळ ओढायचा तो खडीच्या वरचा आणि फटीतला, उरलेलं खाणं, कुजलेली पानं, मेलेली गोगलगाय असेल तर तीही. खडी उपसायची नाही. मागची काच घासायची नाही. समोरची, दिसते ती, पुसा हवं तर.

नवं पाणी मगानं हळूहळू, काचेच्या कडेनं. घाई असेल त्यानं हा छंद कशाला घेतला, असं मी मनात म्हणतो.

रोज तीस टक्के बदललं तर औषध कसं उतरतं ते पाहा. पहिल्या दिवशी शंभरातले ७० उरतात, दुसऱ्या दिवशी ४९, तिसऱ्या दिवशी ३४, चौथ्या दिवशी २४. तीस-तीस करून चार दिवसांत सगळं गेलं असं वाटतं, पण चौथ्या दिवशीही जवळजवळ पावभाग टँकमध्येच असतो. म्हणून उरलेलं काढायला कार्बन.

या सगळ्या दिवसांत एअर पंप बंद करू नका. फॉर्मेलिनसारखी औषधं पाण्यातला प्राणवायू कमी करतात, मेलेले जीवाणू कुजतानाही तो खर्च होतो आणि गरम पाण्यात मुळातच तो कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. रात्री आवाज येतो म्हणून पंप बंद करणारी घरं मला माहीत आहेत. पंपाखाली जुना टॉवेल घाला.

कार्बन कधी, किती

अॅक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे काळे बारीक दाणे, दुकानात पुडीत मिळतात. सिगडीतला कोळसा नव्हे. एका परिचितानं तो फोडून मोज्यात भरून सोडला होता, पाणी तेवढं काळं झालं. कार्बनच्या दाण्यांत असंख्य सूक्ष्म भोकं असतात आणि औषधाचे रेणू त्यात चिकटून बसतात. मॅलेकाइट ग्रीन, मेथिलीन ब्लू, बहुतेक अँटिबायोटिक, जंतांची औषधं तो चांगली ओढतो.

पहिला पाणीबदल झाल्यावरच तो घाला, म्हणजे त्याच्यावर ओझं कमी. लिटरमागे ग्रॅमभर हा माझा अंदाज, ४५ लिटरला चहाचा कप भरून म्हणा. धुवून, काळं पाणी निघायचं थांबलं की जाळीच्या पिशवीत बांधून, फिल्टरचं पाणी जिथून जोरात वाहतं तिथे. टॉप फिल्टर असेल तर स्पंजच्या नंतर ठेवा. फक्त स्पंज फिल्टर असेल तर पिशवी त्याच्या बुडबुड्यांजवळ टांगा, काम हळू होतं पण होतं. पाच-सहा दिवसांनी काढून टाका, तोवर त्याची भोकं भरलेली असतात. रंग पहिल्या दोन दिवसांतच जातो. पण रंगहीन औषध गेलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून दिवस मोजा.

टेट्रासायक्लिन घातलं असेल तर एक गंमत बघायला मिळेल: पाणी तपकिरी, वर चहावरच्या सायीसारखा फेस. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी ते बांधलं जातं, त्यामुळे बोरिंगवाल्यांकडे ते नीट लागूही पडत नाही. फेस पेल्यानं काढा, बाकी वरचीच पद्धत.

लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, काम संपल्यावर आपोआप तपकिरी पडतं. गुलाबी झाक रेंगाळत असेल आणि मासे अस्वस्थ असतील, तर तेच अँटी-क्लोरीन थोडं थोडं घाला, रंग लगेच उतरतो.

तांब्याच्या औषधाचं प्रकरण वेगळं आहे आणि मला ते गोड्या पाण्याच्या घरगुती टँकमध्ये फारसं आवडत नाही. तांबं चुनखडीच्या दगडांना, शिंपल्यांना, खडीला चिकटतं आणि पीएच खाली आला की परत सुटतं. कार्बन ते पुरतं काढेलच असं नाही. त्यासाठी तांब्याची वेगळी टेस्ट करा. जिथे कधी तांबं वापरलं, त्या टँकमध्ये कोळंबी किंवा गोगलगाय सोडण्याआधी आकडा शून्यच हवा. माशांना जे जाणवतही नाही, तेवढ्यात त्या मरतात.

मिठाची गोष्ट

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो तेव्हा त्या घरच्या आजींनी हळूच सांगितलं, की त्या रोज मूठभर जाडं मीठ टाकत होत्या. “नजर लागली होती माशांना,” असं काहीसं कारण. नातू कपाळाला हात लावून बसला.

मीठ ही औषधांतली सगळ्यात चिवट वस्तू. कार्बन त्याला हात लावत नाही. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पातळी कमी झाली म्हणून वरून साधं पाणी घालत राहिलात तर मीठ एक कणही कमी होत नाही. ते निघतं फक्त पाणी बाहेर काढल्यानं. किती आहे ते कळायला आरओवाल्याकडे असतो तो टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, कामाचा. लिटरमागे एक ग्रॅम मीठ म्हणजे टीडीएसमध्ये ढोबळ हजाराची भर. त्यांच्या बादलीतल्या पाण्यापेक्षा टँकचा आकडा सुमारे १,८०० नं जास्त होता, म्हणजे आजींच्या मुठी मिळून लिटरला पावणेदोन-दोन ग्रॅम. माशांसाठी जड पण जीवघेणं नाही, पाणवनस्पतींसाठी वाईट. हा मीटर अमोनियाबद्दल मात्र काहीही सांगत नाही, हे लक्षात असू द्या. “टीडीएस छान आहे, तरी मासे का मेले” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय.

आता यातली मजा पुढे आहे. चौथ्या दिवशी अमोनिया ०.२५ वर आला आणि शून्यावर असलेलं नायट्राइट ०.५ झालं. हे अपेक्षितच असतं. पहिले जीवाणू सावरले, दुसरे अजून मागे आहेत. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटवतं, कल्ले तपकिरी दिसू लागतात. पण मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या त्याच दारातून आत जातो आणि नायट्राइटला बाहेर ताटकळत ठेवतो. म्हणजे त्या आठवड्यात उरलेलं मीठ पहाऱ्यालाच बसलं होतं. मी पोराला सांगितलं, मीठ पूर्ण काढायची घाई करू नकोस, लिटरला एक ग्रॅमच्या आसपास आलं की नायट्राइट शून्य होईपर्यंत तिथेच धर. म्हणजे पाणी बदलताना १० लिटरच्या नव्या बादलीत १० ग्रॅम मीठ विरघळवून घालायचं. आजींना हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. नजरेचा मुद्दा मी सोडून दिला.

कोरीडोरास किंवा लोच, हे तळाशी राहणारे मासे, टँकमध्ये असतील तर याहून जास्त मीठ नको.

फिल्टरला उठून बसू द्या

औषध गेलं, रंग गेला, आता जो काळ येतो तो कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. साधारण दोन ते तीन आठवडे. यात करायचं कमी आणि आवरायचं जास्त.

खाणं निम्म्यावर आणा, पहिले दोन दिवस दिलं नाही तरी चालतं. मोठ्या निरोगी माशाला दोन दिवसांच्या उपासानं काही होत नाही, एकादशी समजा. घरात खाणं टाकणारे हात किती आहेत ते आधी बघा. सकाळी आजोबा, दुपारी आई, शाळेतून आल्यावर पोरगी, असं तिघांनी “थोडंसंच” टाकलं की निम्मं वगैरे काही राहत नाही. आम्ही डबी कपाटात ठेवतो.

रोज अमोनिया आणि नायट्राइट बघा. दोन्ही ०.२५ च्या आत असेल तर पाण्याला हात लावू नका. ०.५ किंवा वर गेलं की २५-३० टक्के बदला. आकडा शून्य असतानाही सवयीनं रोज बदलत राहणारे असतात. त्यानं बिघडत काही नाही, पण माशांना उसंत मिळत नाही.

स्पंज धुवायचा नाही. पाणी अगदीच अडलं असेल तर टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा हलका दाबा, बस. पाणी काळपट दिसेल, त्यात तुमचे जीवाणू आहेत. दोन स्पंज असतील तर एकाच दिवशी दोन्ही काढू नका. फिल्टर चोवीस तास चालू. आमच्याकडे वीज तासाभरासाठी गेली तर चालतं, पाच-सहा तास गेली तर बंद डब्याच्या फिल्टरमधलं साचलेलं पाणी सरळ टँकमध्ये सोडू नका.

सगळ्यात जलद उपाय म्हणजे मुरलेला स्पंज. एखाद्या मित्राचा टँक वर्षभर निरोगी चालू असेल, तर त्याच्या स्पंजचा तुकडा ओल्या पिशवीत आणा आणि तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. विरजण मागून आणण्यासारखंच. पण तो टँक खरंच निरोगी हवा, नाहीतर विरजणाबरोबर आजारही येतो. मी माझ्या टँकमध्ये कायम एक जादा स्पंज ठेवतो, गल्लीसाठी. बाटलीतले जीवाणू? कधी लागू पडतात, कधी नाही. मे महिन्यात दुकानाच्या काचेत उन्हात बसलेली बाटली मी तरी घेणार नाही.

हीटर २६ वर राहू द्या, मासे बरे झाले तरी. थंड पाण्यात हे जीवाणू सुस्तावतात आणि तीन आठवड्यांचे पाच होतात. ४५-५० लिटरला ५० वॉटचा पुरतो. यूव्हीचा दिवा असेल तर औषध चालू असताना तो बंदच ठेवलेला असेल, कारण तो काही औषधं मोडतो. आता लावायला हरकत नाही. प्रकाश सात-आठ तासच. औषधानं झाडं अर्धमेली झालेली असतात आणि उरलेला प्रकाश शेवाळ खातं. सडकी पानं काढा, झाड उपटू नका, व्हॅलिसनेरिया तर मुळातून परत येते.

पाणी दुधाळ झालं तर घाबरू नका. कुजक्या मालावर वाढणाऱ्या दुसऱ्या जीवाणूंचा तो ढग असतो. खाणं कमी, हवा जास्त, आणि चार-पाच दिवस वाट. घाबरून सगळं पाणी बदललं तर ढग परत येतो.

काढलेलं पाणी कुठे ओतायचं

एरवी टँकचं पाणी म्हणजे कुंड्यांना मेजवानी. हे मात्र नको. तुळशीला, कढीपत्त्याला, गच्चीवरच्या पालकाला औषधाचं किंवा मिठाचं पाणी घालू नका. नाल्यात नको, कान्ह नदीकडे जाणाऱ्या उघड्या गटारात तर नकोच. संडासात ओता, म्हणजे बंद ड्रेनेजमध्ये जातं. वापरलेला कार्बन कागदात गुंडाळून कचऱ्यात. इंदुरी माणसाला कचरा वेगळा करायला शिकवायची गरज नाही, तो ओल्यात टाकू नका एवढंच.

बादली, सायफन, जाळी टँकची वेगळी असू द्या. जाळी कोमट मिठाच्या पाण्यात तासभर बुडवून, उन्हात कडकडीत वाळवा. ठिपक्यांचा परजीवी कोरडेपणात टिकत नाही. पहिल्याच दिवसाची तीच ओली जाळी दुसऱ्या टँकमध्ये घातली, तर दोन टँकांचं औषध आणावं लागतं.

नवा मासा कधी आणायचा, हा प्रश्न मला पाचव्या दिवशी विचारला गेला. अमोनिया आणि नायट्राइट लागोपाठ सात दिवस शून्य, खाणं पूर्ववत, आणि शेवटचा ठिपका दिसून चार आठवडे. तिन्ही जमले की एकच आणायचा, आणि तोही आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात. पोरगा म्हणाला, “काका, एवढा वेळ?” मी म्हटलं, “मग परत फोन करशील.”

त्याच्या टँकचं सांगायचं तर नायट्राइट अकराव्या दिवशी शून्यावर आलं, त्यानंतर मीठ तीन पाणीबदलांत काढलं. सहाही मॉली ठणठणीत आहेत आणि एकीनं पिल्लं दिलीत. काचेच्या सांध्यांमधलं सिलिकॉन मात्र निळं पडलंय. मेथिलीन ब्लू त्यात मुरतो आणि कार्बन, पाणीबदल, काहीच त्याला काढू शकत नाही. माशांना त्यानं काही होत नाही, आणि घासून तो जात नाही, उलट सांधा गळायला लागतो. माझ्या जुन्या टँकलाही तशीच निळी किनार आहे. आमची आई अजून विचारते, टँकला नीळ दिली होतीस का रे?